एका प्याल्याचे संविधानक : राम गणेश गडकरी

२० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. नाटककार मात्र नव्हते. त्याआधी बरोबर अठ्ठावीस दिवस, २३ जानेवारी रोजी, नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे राम गणेश गडकरी क्षयाने वारले होते. वयाचे चौतिसावे वर्ष चालू होते. ज्या नाटकामुळे त्यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले, ते नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलेच नाही.

योगायोग असा की, गडकऱ्यांचा जन्मही बडोदे राज्यातलाच. २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे ते जन्मले. नवसारी हा तेव्हा गायकवाडांच्या मुलखाचा भाग होता. घर मराठी, पण भोवतालची भाषा गुजराती. वडील १८९३ मध्ये गेले तेव्हा राम आठ वर्षांचा होता. पुढे कुटुंब पुण्यास आले. ज्याच्या भाषावैभवाने पुढे साऱ्या महाराष्ट्राला भुरळ पडली, त्या मुलाला मराठी ही शाळेत बसून, पुस्तके उलटीपालटी करून कमवावी लागली. गडकऱ्यांच्या वाक्यांत शब्दांची जी उधळपट्टी दिसते, तिचे मूळ या उशिरा मिळालेल्या धनात असावे असे मला नेहमी वाटते. वडिलार्जित संपत्ती माणूस बेताने खर्च करतो. स्वतः मिळवलेली मात्र मिरवतो.

मॅट्रिक झाल्यावर ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले, परंतु पहिल्या वर्षापलीकडे शिक्षण गेले नाही. पोटाचा प्रश्न होता. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले. वृत्तपत्रात आणि मासिकांत लेखन केले. 'गोविंदाग्रज' या नावाने कविता आणि 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले. ही दोन्ही नावे मोठी आहेत आणि त्यांवर स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिता येईल. पण प्रस्तुत लेखाचा विषय नाटककार गडकरी हा आहे, आणि त्यातही त्यांची एकच बाजू. ती म्हणजे संविधानक.

गडकऱ्यांविषयी बोलताना आपण भाषेविषयी बोलतो, कोट्यांविषयी बोलतो, कल्पनाविलासाविषयी बोलतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही हेच तीन मुद्दे क्रमाने येतात. नाटकाची बांधणी हा त्यांचा दुबळा भाग, असे एक मत रूढ झाले आहे. त्यांची पहिली दोन नाटके पाहता ते मत खोटे नाही. पण सहा-सात वर्षांत या माणसाने बांधणीच्या बाबतीत जी मजल मारली, ती पाहिली म्हणजे त्या मताला मुरड घालावी लागते.

किर्लोस्कर मंडळीतील ते दिवस या दृष्टीने महत्त्वाचे होत. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून ज्या परंपरेचा पाया घातला, त्या परंपरेच्या आतल्या अंगणात हा तरुण वावरत होता. कोणत्या प्रवेशात प्रेक्षक सरसावून बसतो आणि कोणत्या प्रवेशात पान जुळवायला घेतो, हे पुस्तकात कळत नाही. ते विंगेतून कळते. देवलांची 'शारदा' १८९९ मध्ये आलेली होती. तीत एका म्हाताऱ्याचे लग्न जमते आणि मोडते एवढ्याच गोष्टीवर नाटक उभे राहिले होते. हा साधेपणाचा धडा समोर होता, पण गडकऱ्यांचे मन ओढले गेले ते दुसरीकडे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्यांचे गुरू. कोल्हटकरांची नाटके म्हणजे कल्पित राज्ये, वेषांतरे, गैरसमज, एकात एक गुंतलेली प्रेमप्रकरणे आणि या सर्वांवर शाब्दिक विनोदाची झालर. शिष्याने हे सारे उचलले. शिवाय शेक्सपिअरचे वाचन होते. शेक्सपिअरकडूनही प्रथम उचलले गेले ते कथानकांचे दुहेरी-तिहेरी पदर.

'प्रेमसंन्यास' हे नाटक १९१२-१३ च्या सुमारास महाराष्ट्र नाटक मंडळीने आणले. विषय विधवेच्या प्रेमाचा, म्हणजे त्या काळी जळत्या निखाऱ्यासारखा. पण नायक-नायिकेच्या दुःखाभोवती खलपुरुषाची कारस्थाने, पत्नीचा संशय, दुसऱ्या जोडप्याची कथा आणि विसराळू गोकुळाचा विनोद यांची इतकी गर्दी झाली की, शेवटी जे मृत्यू ओढवतात ते त्या विषयातून ओढवतात की कारस्थानातून, याचा पत्ता लागत नाही. प्रेक्षक गोकुळाला हसले आणि घरी गेले. विधवेचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. शोकान्त नाटकात मृत्यू पुरेसे नसतात. ते मृत्यू टळू शकले नसते अशी खात्री प्रेक्षकाला पटावी लागते. ती इथे पटत नाही.

'पुण्यप्रभाव' १९१६ चे. यात गडकऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. पतिव्रता वसुंधरा आणि तिच्यावर डोळा ठेवणारा वृंदावन या दोघांचा सामना हा नाटकाचा कणा आहे, आणि कणा आहे ही गोष्टच नवी. मात्र नाटकाचा निकाल घटनांनी लागत नाही, तो नायिकेच्या पुण्याईने लागतो. खलपुरुषाचे हृदय पालटते. हृदयपालट हा रंगभूमीवर मोठा प्रभावी क्षण असतो, परंतु संविधानकाच्या दृष्टीने ती उसनवारी होय. आधीच्या चार अंकांनी जे कमावले नाही, ते नाटककार शेवटी स्वतःच्या खिशातून भरतो.

आणि मग 'एकच प्याला'. गंमत अशी की, दारूचा विषय गुरूंनीच आधी हाताळलेला होता. कोल्हटकरांच्या 'मूकनायका'त मद्यपानाचे दुष्परिणाम येतात. पण तिथे दारू प्रेमकथेच्या शेजारी उभी असते. शिष्याने शेजारची ती वस्तू उचलून नाटकाच्या मध्यावर ठेवली आणि इतर सारे तिच्याभोवती रचले.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे, तरी बांधणी दिसावी म्हणून तिचे सांधे पाहू. सुधाकर हा हुशार वकील. गरिबीतून, केवळ बुद्धीच्या जोरावर वर आलेला. त्यामुळे मानी, आणि त्या मानाला फार लवकर धक्का लागणारा. पत्नी सिंधू श्रीमंत घरची. जिवलग मित्र रामलाल नाटकाच्या प्रारंभीच विलायतेस निघतो. पुष्कळदा या गोष्टीकडे लक्ष जात नाही, परंतु नाटककाराने पहिल्याच पावलाला नायकाचा राखणदार दूर केलेला आहे. त्यानंतर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सुधाकराचा तोल जातो आणि त्याची सनद काही महिन्यांपुरती काढून घेतली जाते. शिक्षा लहान आहे. काही महिने म्हणजे आयुष्य नव्हे. दुसरा एखादा वकील गावी जाऊन आंबे खाऊन आला असता. पण सुधाकराच्या मानी स्वभावाला ती सोसत नाही, आणि नेमक्या त्या वेळी त्याचा कारकून तळीराम अपमान विसरण्याचा उपाय सुचवतो. उपाय एकाच प्याल्याचा.

इथून पुढे नाटककाराने नशिबाची फारशी मदत घेतलेली नाही. प्रत्येक घटना आधीच्या घटनेच्या पोटातून येते. पहिला प्याला अपमानामुळे, दुसरा पहिल्यामुळे. दारूमुळे लौकिक जातो, लौकिक गेल्यामुळे अधिक दारू. सिंधूचा भाऊ पद्माकर मदतीस येतो, तर त्यावरूनच सुधाकराचा मान पुन्हा दुखावतो आणि सिंधू माहेरच्या आधारावर पाणी सोडते. बाहेर जाण्याचे एक दार बंद झाले. सिंधू दळणे दळून संसार चालवते. पुढे सुधाकराला पश्चात्ताप होतो, तो दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि नोकरीच्या शोधात फिरतो. पण ज्यांनी त्याला पिताना पाहिले, ते त्याला दारात उभा करीत नाहीत. दुसरे दार बंद झाले. अखेरीस दारूच्या धुंदीत त्याच्या हातून स्वतःचे मूल मरते आणि सिंधूवर प्राणान्तिक आघात होतो. ती मरता मरता पोलिसांपुढे पतीला वाचवणारी खोटी हकीकत सांगते. सुधाकर विष मिसळलेली दारू पितो. नाटक एका प्याल्याने सुरू झाले आणि एका प्याल्याने संपले.

'प्रेमसंन्यासा'त दहा धाग्यांचा गुंता होता. इथे एकच दोर आहे आणि तो हळूहळू आवळला जातो. हाच माणूस, तीच लेखणी. मधे सहा-सात वर्षे गेली एवढेच.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूला नाट्याचे शरीर म्हटले आहे आणि त्या शरीराचे पाच सांधे सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. प्रारंभी पेरलेले बीज वाढत जाते, मध्ये ते दिसते आणि नाहीसे होते, त्याचा पुन्हा शोध घेतला जातो, शेवटी विघ्ने ओलांडून फळ हाती येते. हे शास्त्र यशाच्या कथेसाठी रचलेले आहे. नायकाला राज्य मिळावे किंवा प्रिया मिळावी, हे तिथले फळ. गडकऱ्यांच्या नाटकाला हे सांधे लावून पाहिले तर ते आश्चर्यकारकपणे बसतात, फक्त उलटे. बीज पहिल्या प्याल्याचे. गर्भसंधीत जी गोष्ट दिसते आणि नाहीशी होते, ती सुटकेची आशा. आणि विमर्शात विघ्न येते ते नायकाच्या यशात नव्हे, त्याच्या नाशात. पश्चात्ताप हे इथले विघ्न! क्षणभर वाटते की हा माणूस आता वाचेल आणि नाश टळेल. नाश ते विघ्न ओलांडून पुढे जातो. गडकऱ्यांनी ही योजना शास्त्र पुढे ठेवून केली, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. परंतु कालिदास आणि भवभूती त्यांनी मन लावून वाचले होते, आणि चांगल्या वाचकाच्या हातात व्याकरण न शिकताही उतरते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या बडोद्यात 'एकच प्याला' प्रथम रंगला, त्याच बडोद्यातून सात वर्षांनी, १९२६ मध्ये, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत एकाच शहराने नाटकाचे शास्त्रही छापले आणि नाटक मंडळीलाही आश्रय दिला. दोन्ही कामे एकाच दरबाराच्या तिजोरीतून व्हावीत, असे आपल्याकडे क्वचित घडले आहे.

आता शास्त्रापलीकडची गोष्ट. ग्रीक शोकान्तिकेत नायक अज्ञानात चूक करतो आणि सत्य कळते तेव्हा उशीर झालेला असतो. ईडिपसला आपण कोण आहोत हे कळते आणि त्याचा नाश पुरा होतो. ज्ञान हा तिथला शेवटचा घाव आहे. सुधाकराचे तसे नाही. नाटकाच्या मध्यातच तो रामलालला आपल्या व्यसनाची एकेक अवस्था समजावून सांगतो. दारू कशी जवळ येते, कशी राहते, सुटण्याच्या वेळी माणसाला सुटावेसे का वाटत नाही आणि सुटावेसे वाटते तेव्हा का सुटत नाही, हे सारे तो एखाद्या निष्णात वकिलाप्रमाणे मांडतो. खटला स्वतःचा आणि निकालही स्वतःविरुद्ध. त्याला सर्व कळलेले आहे. कळूनही तो वाचत नाही. माझ्या मते गडकऱ्यांच्या संविधानकातील सर्वांत धाडसी गोष्ट हीच. ज्ञान शेवटी न ठेवता त्यांनी ते मध्ये ठेवले आणि ते निरुपयोगी ठरवले. त्या भाषणानंतर प्रेक्षकाला पुढे काय होणार याची उत्सुकता उरत नाही, भीती उरते. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना या ठिकाणी गिरीश कार्नाडांचा 'तुघलक' आठवेल. १९६४ च्या त्या नाटकातील सुलतानालाही आपण कुठे चाललो आहोत याची जाणीव असते, आणि ती जाणीव त्याला थांबवीत नाही.

म्हणूनच 'एकच प्याला' हे दारूबंदीच्या प्रचाराचे नाटक आहे, हे म्हणणे मला पटत नाही. प्रचाराच्या नाटकात दोष प्याल्याचा असतो. इथे प्याला तळीरामही पितो, भगीरथही पितो. तळीराम हसत हसत पितो आणि मरतो. भगीरथ प्रेमभंगामुळे पितो आणि सुटतो. सुधाकर अपमानामुळे पितो आणि घरासकट बुडतो. दारू तीच, माणसे तीन. ही तुलना भाषणातून आलेली नाही. उपकथानकांच्या रचनेतून आली आहे. जुन्या नाटकांत उपकथानक म्हणजे मुख्य कथेला कंटाळलेल्या प्रेक्षकाला दिलेला विसावा. इथे ते मुख्य कथेची साक्ष काढण्यासाठी उभे केले आहे.

आर्यमदिरामंडळाचे विनोदी प्रवेश याच दृष्टीने पाहावेत. तळीराम आणि त्याची मंडळी दारूचे समर्थन करतात आणि आपण पोट धरून हसतो. हसता हसता आपणही दारूकडे सुधाकराइतक्याच हलक्या मनाने पाहू लागतो. आजारी तळीरामाच्या अंथरुणापाशी वैद्य आणि डॉक्टर भांडतात तिथेही हसू येते, पण अंथरुणावरचा माणूस खरोखर मरणार असतो. तळीराम हा शब्द मराठीत सामान्यनाम होऊन बसला, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो अजून येतो, यात गडकऱ्यांचा विजय आहे आणि थोडा पराभवही. लोकांनी हसू लक्षात ठेवले.

दोष नाहीत असे नाही. रामलालला शरदविषयी वाटणारे आकर्षण आणि त्याचा त्या आकर्षणाशी झगडा हा भाग मुख्य दोराला कुठेच बांधलेला नाही. तो काढून टाकला तर नाटक हलके होईल, तुटणार नाही. संविधानकाची ही जुनी कसोटी आहे : जो भाग काढल्याने काही कोसळत नाही, तो भाग तिथे नको होता. कोल्हटकरांची सवय इथे शिष्याच्या हाताला अजून चिकटलेली दिसते. सिंधूबद्दलचा आक्षेप मोठा आहे. इतके सारे सोसून ती एकदाही उलटत नाही, मरतानाही खोटे बोलून पतीला वाचवते. आजच्या विद्यार्थिनींना ती डोळ्यांसमोर नको होते, आणि त्यांचा राग योग्य आहे. नाटककार तिला देवी करून टाकतो, आणि देवीला निर्णय घ्यावे लागत नाहीत. एक मात्र म्हणता येईल. तिने माहेर सोडण्याचे जे ठरवले, ते नसते तर नाटकातील नाश पुरा झाला नसता. म्हणजे तिचे पातिव्रत्य हेही त्या दोराचा एक पीळ आहे. गडकऱ्यांना हे दिसले होते की नाही, कोण जाणे. रचनेला दिसले आहे.

नाटक लिहून झाले तेव्हा पदे राहिली होती. प्रकृती साथ देईना. ती पदे शेवटी कथाकार विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. संगीत नाटकात पद म्हणजे कथेचा थांबा. चुकीच्या जागी थांबले की बांधणी ढासळते, आणि इथे तर बांधणी एकाची आणि पदे दुसऱ्याची. तरी नाटक टिकले, याचे श्रेय गुर्जरांच्या संयमाला दिले पाहिजे. गाण्यांचा मोठा भार सिंधूवर, म्हणजे बालगंधर्वांवर होता. त्या काळी बालगंधर्व भरजरी शालू नेसून येत आणि प्रेक्षक त्या शालूसाठीही येत. या नाटकात ते ठिगळे लावलेल्या लुगड्यात जात्यापाशी बसले. मंडळीच्या लोकप्रिय नटाने असे बसणे हा धंद्याच्या दृष्टीने धोका होता. तो बडोद्यात प्रथम पत्करला गेला आणि पुढे महाराष्ट्रभर त्याच ठिगळांच्या लुगड्यासाठी तिकिटे खपली.

इकडे सावनेरला अखेरच्या दिवसांत गडकऱ्यांनी 'भावबंधन' हातावेगळे केले. त्यातही आरंभ अपमानानेच होतो. लतिका घनश्यामाचा पाणउतारा करते आणि तो सूडाला पेटतो. सुधाकराने अपमान आत वळवला, घनश्याम तो बाहेर फेकतो. एकाच बीजातून दोन झाडे काढून पाहण्याचा हा प्रयोग मरणाच्या दारात चालला होता. बळवंत संगीत मंडळीने ते नाटक आणले. मास्टर दीनानाथ लतिका झाले आणि चिंतामणराव कोल्हटकर घनश्याम. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' ही दोन नाटके अपुरी राहिली. 'राजसंन्यासा'चे जे प्रवेश हाती आहेत, ते एकेकटे भव्य आहेत. ते एकमेकांना कसे जोडायचे, हे ठरवायला लागणारा वेळ त्यांना मिळाला नाही.